लिंकनच्या पत्राला ओसी आहे का?

नवी मुंबईच्या उलव्यात कागद तपासल्याशिवाय कोणी पाणीही पीत नाही. फ्लॅट बघायला आलेला माणूस आधी महारेराचा नंबर विचारतो, मग ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मग सिडकोची ट्रान्सफर फी कोणाच्या माथी ते. मूळ गावकऱ्यांच्या घरात तर दुसरी-तिसरी पिढी संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडापायी सातबारा, फेरफार आणि वारस दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळत म्हातारी होत आली. विमानतळासाठी उलवे गावासह दहा गावं उठली, टेकडी सुरुंग लावून सपाट केली, नदी वळवली, तेव्हाही घर कोणाचं आणि पात्र कोण याची शहानिशा वर्षानुवर्षं चालली. शाळेची तऱ्हा वेगळी नाही. आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून पोराला पहिलीत घालायचं तर रहिवासाचा पुरावा हवा, जन्मदाखला हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, आणि आडनावातली वेलांटी इकडची तिकडे झाली की अर्ज बाद. एवढ्या काटेकोर मुलखात एकच कागद असा आहे, ज्याची आजवर कोणी साधी साक्षांकित प्रत मागितलेली नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे तो काचेच्या फ्रेममध्ये लटकतो, आणि उलव्यासारख्या नव्या वसाहतीत इमारतीच्या रंगाचा वास जायच्या आत तो भिंतीवर चढतो. अब्राहम लिंकन यांचं हेडमास्तरांना पत्र: माझ्या मुलाला काय काय शिकवा, हे सांगणारं.

तपासायला बसलं तर हा कागद पहिल्याच टेबलावर अडकतो. लिंकन यांचं समग्र लेखन १९५३ मध्ये आठ खंडांत छापलं गेलं. त्यात दोन ओळींच्या चिठ्ठ्या आहेत, तारा आहेत, वकिलीतली किरकोळ कामं आहेत; हे पत्र नाही. पत्रावर तारीख नाही, गाव नाही, हेडमास्तरांचं नाव नाही, ज्याच्यासाठी लिहिलं त्या मुलाचंही नाव नाही. आवक-जावक नोंदवही लिहिणारा कुठलाही शाळेचा क्लार्क असा कागद हातात घेणार नाही. शिवाय मुलगा कोणता समजायचा? चार होते. एडी चार वर्षांचा व्हायच्या आतच गेला. विली अकराव्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये वारला. टॅडला शिकवायला घरी ठेवलेले मास्तर एकामागून एक सोडून गेले आणि १८६५ मध्ये वडिलांची हत्या झाली, तेव्हा बारा वर्षांच्या त्या पोराला धड वाचता येत नव्हतं. वडिलांना त्याची फारशी काळजीही नव्हती. शिकेल सावकाश, हुंदडू दे, असा त्यांचा खाक्या. उरला थोरला रॉबर्ट. वसतिगृहाच्या शाळेत गेला तो हाच, १८५९ मध्ये, न्यू हॅम्पशरच्या फिलिप्स एक्सेटर अकॅडमीत. का गेला? हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत सोळापैकी पंधरा विषयांत आपटला म्हणून. म्हणजे चिरंजीवांना फुलं-पाखरं दाखवायला पाठवलेलं नव्हतं, कच्चे विषय पक्के करायला पाठवलं होतं. आपल्याकडे याला रिपीटर बॅच म्हणतात. तिथले प्राचार्य गिडियन लेन सोल. १८६० मध्ये न्यू यॉर्कच्या कूपर युनियनमधलं गाजलेलं भाषण आटोपून लिंकन स्वतः एक्सेटरला जाऊन आले. सोल यांना काही सांगायचंच होतं, तर माणूस हाकेच्या अंतरावर होता. त्यासाठी टपालखर्च करायची गरज नव्हती.

त्याच वर्षीचं लिंकन यांचं एक खरं पत्र मात्र उपलब्ध आहे, जुलै महिन्यातलं. ते रॉबर्टचा एक्सेटरमधला मित्र जॉर्ज लॅथम याला आहे. रॉबर्टला हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला, लॅथम नापास झाला. निवडणूक तोंडावर आलेली, देश फुटायच्या बेतात, आणि अध्यक्षपदाचा उमेदवार दुसऱ्याच्या नापास पोराला लिहितो की खचू नकोस, पुन्हा बस, तू मनावर घेतलंस तर जमेल. पत्र थेट मुलाला आहे. हेडमास्तरांना त्यात एका शब्दानेही कामाला लावलेलं नाही. बहुधा म्हणूनच त्याची फ्रेम होत नाही.

यावर उत्तर तयार असतं: पत्र खोटं असेलही, विचार तर सोन्यासारखे आहेत ना? आहेत की. पण मग ते ज्याचे आहेत त्याच्या नावावर लावा. मराठीत हे पत्र घरोघरी पोचवण्याचं श्रेय वसंत बापटांना दिलं जातं. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून महाराष्ट्र पालथा घातलेला हा कवी; मराठी पत्रात जी लय आहे आणि जो गोडवा आहे, तो त्याचा. त्याचं नाव फ्रेमच्या तळाशी बारीक टायपात असतं, नसतं. उद्या फ्रेममधून लिंकन यांचा फोटो काढून बापटांचा लावला, तर किती शाळा ती भिंतीवर ठेवतील? विचार तेच, शब्द तेच, तरी प्रवेश समितीच्या बाई म्हणतील की रिसेप्शनला जरा इंटरनॅशनल काहीतरी हवं. तेव्हा विचारांची ओढ वगैरे बोलायची गोष्ट झाली. ओढ आहे ती सहीची. आणि खरेपणा शिकवा असं सांगणाऱ्या कागदाची सहीच बनावट असेल, तर पोरं त्यातून नेमकं काय उचलतील हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. मोठी माणसं तरी काय वेगळं उचलतात? सीबीएसईची संलग्नता मिळवण्यासाठी राज्य शासनाची बनावट ना-हरकत पत्रं जोडल्याचं पुण्यातल्या काही शाळांचं प्रकरण २०२२-२३ मध्ये गाजलं. २०२५ मध्ये नागपूरचा शिक्षकांच्या पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडीचा घोटाळा बाहेर आला, तो खोट्या कागदांवर एक मुख्याध्यापक नेमल्याच्या तक्रारीतून. या मंडळींच्या कार्यालयात लिंकन यांचं पत्र टांगलेलं होतं की नाही, तपास यंत्रणांनी नोंदवलेलं नाही. नोंदवायला हवं होतं.

पण बनावटपणा हा माझा मुख्य आक्षेप नाही. खोटी पत्रं खूप फिरतात, आणि फिरून फिरून मरतात. हे का मरत नाही? माझ्या मते याचं कारण त्यातल्या कामाच्या वाटणीत आहे. मुलाला हरणं पचवता आलं पाहिजे, जिंकणं पचवता आलं पाहिजे, गुंडांना घाबरता कामा नये, पुस्तकात रमलं पाहिजे, आभाळाकडेही बघितलं पाहिजे, घाम गाळून मिळवलं पाहिजे, गर्दीमागे जाता कामा नये. यादी उत्तम आहे. ती पार पाडायची कोणी? हेडमास्तरांनी. वडिलांच्या वाट्याला काय आलं? पत्र लिहिणं. तेही दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. आख्खं संगोपन एका पानात दुसऱ्याच्या नावे वर्ग करून पालक मोकळा, आणि वर शेवटी थोडी नम्रता, की फार मागतोय हो, जमेल तेवढं करा. ज्याला पोरगं वसतिगृहात ठेवायचं आहे, किंवा घरात ठेवूनही वसतिगृहासारखंच वाढवायचं आहे, त्याला याहून सोयीचा मसुदा मिळणार नाही.

इथे उलव्यातले पालक चिडतील, आणि त्यांचं चिडणं अगदीच बिनबुडाचं नाही. हप्ता भरायचा तर दोघांनी कमावलं पाहिजे. सकाळी बामणडोंगरी किंवा खारकोपरहून लोकल धरायची, नाहीतर अटल सेतूवरून मुंबई गाठायची, आणि परत यायचं तेव्हा पोर झोपायला आलेलं. निवासी शाळा परवडत नाही, म्हणून डे-बोर्डिंग: नाश्ता शाळेत, जेवण शाळेत, अभ्यास शाळेत, झोप तेवढी घरी. मग शाळेवर सोपवायचं नाही तर कोणावर? मुद्दा रास्त आहे, आणि गंमत म्हणजे खरे लिंकन तुमच्याच बाजूने साक्ष देतील. वकिलीच्या फिरतीवर ते महिनोन्‌महिने बाहेर असत. वडील लहानपणी घरी जवळपास नसायचेच, असं रॉबर्टने पुढे नोंदवून ठेवलं आहे. बाप घरी नव्हता हा गुन्हा नव्हे. पण मग शाळेकडे बापपण सोपवताना शाळेला बाप होण्याइतका वेळ तरी मिळतो का, हे पाहायची जबाबदारी सोपवणाऱ्याची. फी किती, बस कुठून, एसी आहे का, हे आपण विचारतो. मुख्याध्यापक दिवसातून किती वेळ मुलांमध्ये असतात, हे विचारत नाही.

विचारलं तर उत्तर त्यांच्या टपालात सापडेल. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकाचा दिवस पत्र लिहिण्यातच जातो, फक्त ती मुलांबद्दल नसतात, मुलांच्या संख्येबद्दल असतात. यू-डायस, सरल, आधार पडताळणी, अपार आयडी, संचमान्यता, पोषण आहाराची रोजची नोंद. व्हॉट्सअॅपवर अकरा वाजता आदेश येतो की माहिती दुपारी दोनपर्यंत विहित नमुन्यात सादर करावी, माहिती निरंक असल्यास निरंक म्हणून कळवावे, विलंब झाल्यास आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाखालच्या आश्रमशाळेत जा. तिथल्या मुख्याध्यापकाला यात धान्याचा साठा, मुलींची आरोग्य तपासणी आणि सुट्टीवरून न परतलेल्या पोरांची यादी यांची भर. शासनालाही लिंकन यांची लागण झालेली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये वर्गात शिक्षकांचे ए-फोर आकाराचे फोटो लावायचं फर्मान निघालं, ‘आपले गुरुजी’ या नावाने. गुरुजी वर्गात नसले तरी फोटो हजर. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं, आणि त्या पत्रासह काढलेले सेल्फी पोर्टलवर अपलोड करवून घ्यायचं काम अर्थातच शाळेकडे आलं. पत्र मिळालं की त्याचं उत्तर लिहायचं असतं असं शाळेत पूर्वी शिकवत. आता त्याच्यासोबत फोटो काढतात. खासगी शाळांनी शासनाला हसू नये. त्यांचे मुख्याध्यापक हा सगळा वेळ पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला उत्तरं देण्यात घालवतात.

कोणी म्हणेल, टीका सोपी आहे. वसतिगृहातला पत्रव्यवहार दुसरा कसा असणार? तो कसा असतो हे आपल्याकडे घडून गेलेलं आहे. १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, छात्रालय त्यांच्याकडे आलं, आणि तिथल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढलं. छापलेलं नव्हे, हाताने लिहिलेलं. दिवसभर शिकवायचं, मुलांच्या खोल्या झाडायच्या, त्यांचं अंथरूण-पांघरूण बघायचं, आणि रात्री बसून उद्याचा अंक लिहायचा. तो सकाळी मुलांच्या हाती. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले. या सहा वर्षांत कुठल्या बापाने त्यांना फ्रेम करण्याजोगं पत्र लिहिलं का, कोणाला ठाऊक नाही आणि त्याने काही अडलंही नाही, कारण टपाल उलट्या दिशेने चालू होतं. गुरुजी मुख्याध्यापक नव्हते, त्यांच्याकडे पोर्टल नव्हतं, शिवाय ते साने गुरुजी होते, हे सगळे आक्षेप कबूल. सगळ्यांना ते जमणार नाही. पण आठवड्यातून एकदा चार ओळी? माझी पैज आहे, त्याही जमणार नाहीत, कारण त्या कुठल्या शीर्षाखाली अपलोड करायच्या हे ठरलेलं नाही. आणि दैवदुर्विलास बघा: त्याच गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’चं संपादन पुढे ज्या वसंत बापटांनी केलं, त्यांच्याच शब्दांत आपण एका अमेरिकन अध्यक्षाचं न लिहिलेलं पत्र वाचतो.

तेव्हा उलव्यातल्या एखाद्या मुख्याध्यापकांनी पुढच्या पालक सभेच्या आत या पत्राला उत्तर द्यावं, अशी माझी नम्र सूचना आहे. मसुदा सोपा आहे, सगळे शब्द त्यांच्या बोटांत बसलेले आहेत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की आपले विनादिनांक पत्र या कार्यालयास प्राप्त झाले असून त्यावर पाल्याचे नाव, इयत्ता व तुकडी नमूद नसल्याने पुढील कार्यवाही करता येत नाही. पत्रात नमूद बाबींपैकी वाचन, गणित व मैदानावरील खेळ या शाळेच्या अखत्यारीत आहेत. धीर, खरेपणा आणि संध्याकाळचे आभाळ या बाबी संयुक्त जबाबदारीच्या असल्याने त्यांतील आपल्या हिश्श्याचा तपशील विहित नमुन्यात सात दिवसांत सादर करावा. हिस्सा निरंक असल्यास निरंक म्हणून कळवावे. पत्रावरील सही आपलीच असल्याबाबतचे हमीपत्र सोबत जोडावे, आणि शनिवारी सकाळी दहा वाजता पाल्यासह समक्ष भेटावे. प्रतिनिधी पाठवू नये.