पालात निजायचे भाडे

आर्णीत पारा ४४ च्या पुढे सरकला की ज्याला परवडते तो कुटुंब गाडीत कोंबतो आणि यवतमाळ, अमरावती, परतवाडा करत चिखलदऱ्याचा घाट चढतो. उंची सुमारे १,११८ मीटर. विदर्भाच्या वाट्याला थंड हवा म्हणून आलेली एवढीच. हल्ली तिथे साधी खोली मागणे मागासलेपणाचे. तंबू हवा! भिंती कापडाच्या, आत डबल बेड, कमोड, गरम पाणी आणि थंड हवा खायला आलेल्यांसाठी एसी.

सोबतच्या आजीने तंबूभोवती एक चक्कर मारली आणि विचारले, "काहून रे बापू, आपल्या घराचं छप्पर उडालं काय?"

आजीचे चुकले नाही. आर्णीत बाबा कंबलपोषांच्या यात्रेत दुकानदार सहकुटुंब पालात राहतात, त्याचे स्टेटस कुणी ठेवत नाही. शेंगा धरल्या की तुरीच्या वावरात रात्रभर जागल असते. राखणीच्या माळ्याजवळ शेकोटी, डोक्यावर तारे, आसपास झाडी, नेटवर्क गायब. तंबूच्या जाहिरातीतले सगळे. फक्त नाश्ता समाविष्ट नाही, आणि अंधारात खुसफुसणारे रानडुक्कर खरे असते. सकाळी ते गेल्यावर सेल्फी नाही, नुकसानीचा पंचनामा होतो.

गावातल्या एका हुशार पोराने आता माळ्यावर गादी-उशी टाकून दर लावायचे ठरवले आहे. डुक्कर दिसल्यास पैसे वेगळे. रोही फुकट.