पोंगलातला अणू

कुंभकोणमला बायकोच्या मावशीकडे गेलो होतो. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरकडे आलेलं घराणं. मावशींचं मराठी माझ्यापेक्षा जुनं, आणि जावयाकडून अपेक्षाही जुन्याच. "नातीला जरा अणूची रचना समजावून द्या," म्हणाल्या. मी पुण्याचा, 'येत नाही' हे शब्द तोंडातून निघेनात. याच गावच्या कॉलेजात नापास होऊन रामानुजनची शिष्यवृत्ती गेली होती, तेवढाच काय तो आधार.

पानात गरम पोंगल होता. म्हटलं, हाच थॉमसनचा १९०४ चा अणू. भात म्हणजे धनप्रभार, रुतलेले मिरे म्हणजे इलेक्ट्रॉन. इंग्रजांना यावर मनुकांचं पुडिंग आठवलं, कारण बिचाऱ्यांनी पोंगल खाल्ला नव्हता. खात्रीसाठी एक इलेक्ट्रॉन चावला आणि पुढचं व्याख्यान डोळ्यांतून वाहिलं.

मग रुदरफोर्ड. त्याच्या हाताखालच्या गायगर आणि मार्सडेननी सोन्याच्या वर्खावर अल्फा कण सोडले. बहुतेक आरपार गेले, हजारोंत एखादा उलटा फिरला. म्हणजे अणू जवळजवळ पोकळ! सोन्याचा अणू इथल्या महामहम तळ्याएवढा धरला, तर केंद्रक हरभऱ्याएवढं. हे सांगताना मी कॉफीची धार हातभर उंचीवरून ओढत होतो. नेम चुकला. कॉफी नव्याकोऱ्या वेष्टीतून आरपार गेली. उलटी फिरली ती फक्त मावशींची नजर.

तरी मी थांबलो नाही. "काल सूर्यनार कोविलला पाहिलंस ना? मधे सूर्य, भोवती त्याच्याकडे तोंड केलेले आठ ग्रह. तसेच इलेक्ट्रॉन."

"पण काका, ते ग्रह उभेच होते. इलेक्ट्रॉन उभा राहिला तर केंद्रक त्याला ओढून घेईल. आणि फिरला तर ऊर्जा घालवत घालवत आतच पडेल ना?"

पोरीनं पुढचं पान वाचलेलं होतं. मी नव्हतं. मी पोळलेली मांडी चोळत खिडकीबाहेर बघू लागलो.

"पडेल कशाला?" मावशी ताक ढवळता ढवळता म्हणाल्या. "ज्याला जी जागा नेमून दिली, तिथे त्यानं राहायचं."

पोरीनं पान उलटलं. बोर, १९१३: नेमलेल्या कक्षेत इलेक्ट्रॉनची ऊर्जा जात नाही. का जात नाही, ते त्यानंही मावशींइतकंच सांगितलं होतं.

"आजी, बरोबर!"

"असू दे. जावईबापू, तेवढी वेष्टी भिजत टाका."