गंबोत सॉस घालाल तर खबरदार!

पलीकडच्या काकू लेकीकडून, ह्यूस्टनहून परत आल्या आणि तेव्हापासून आमच्या दोन्ही घरच्या आमट्या रोज करपतायत. आमटी गॅसवर आणि आम्ही गडग्यावर, दुसरं काय होणार?

"नायगरा राहू दे, डिस्नी राहू दे," काकू म्हणाल्या, "मी तुला न्यू ऑर्लिन्सचं एक हॉटेल सांगते."

"सहा तास गाडीत बसून नुसतं जेवायला गेलात?"

"जेवायलाच गं. डूकी चेज नाव त्याचं. 1941 पासून चालू आहे आणि घराणं अजून तेच. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी असे सगळे त्या गावात आले आणि सगळ्यांच्या हातचं मिळून जे रांधणं झालं, ते क्रिओल. तेच इथे मिळतं. याच्याहून जुनी हॉटेलं आहेत तिथे. अँट्वान तर 1840 चं. गॅलट्वार 1905 चं, पण तिथे रात्री पुरुषांना कोट लागतो. तुझे काका आणि कोट!"

काकांचा कोट मी पाहिलेला आहे. लेकीच्या लग्नात तो वरच्या बटणाशिवायच लागला होता. तेव्हा डूकी चेज हे बरंच झालं.

"आणि आता ऐक," काकू गडग्यावर कोपर टेकून म्हणाल्या. म्हणजे खरी बातमी आता येणार. "आधी चेज नवरा-बायकोचं छोटंसं दुकान होतं. सँडविच आणि लॉटरीची तिकिटं. शुक्रवारी पगार झाला की वस्तीतले कामकरी तिथेच चेक वटवायचे. काळ्या लोकांना तेव्हा बँकेत कोण उभं करत होतं? त्यांचा मुलगा ट्रंपेट वाजवणारा, स्वतःचा बँड असलेला. त्याने 1946 मध्ये लग्न केलं ते लीआशी. आणि ती त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी!"

"अगंबाई! आणि सासूने चालवून घेतलं?"

"सुनेने आल्या आल्या सासूचं दुकानच बदलायला घेतलं. ती आधी गोऱ्यांच्या हॉटेलात वाढपी होती. तिथलं पाहिलेलं. आपल्याही लोकांनी पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलावर का जेवू नये, असं तिचं म्हणणं. शेवंड काय, सायीचे सॉस काय, सगळं करून पाहिलं. गिऱ्हाइकं हात लावीनात. ही पोरगी धंदा बुडवणार, अशी सासूकडे कागाळी."

"मग?"

"मग चादरी ठेवल्या आणि शेवंड काढली. घरात शिजतं तेच आणलं. गंबो, तळलेली कोंबडी, लाल राजमा-भात."

मला ही लीआ तिथेच आवडून गेली. नवीन काय टिकवायचं आणि काय सोडायचं हे आमच्या गावातल्या किती हॉटेलवाल्यांना कळतं? चांगली मिसळ करणारा माणूस, नूतनीकरण झालं की मंचुरियन करायला लागतो.

पुढचं काकूंनी आवाज खाली करून सांगितलं. खरं तर चोरून सांगण्यासारखं काही नव्हतं, पण सवय. तेव्हा काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर बसून जेवणं तिथे कायद्याने बंद होतं. लीआबाईंच्या माडीवर मात्र दोघेही बसायचे. गंबो खायचे आणि मोर्चे ठरवायचे. मार्टिन ल्यूथर किंगही येऊन गेलेले. 1961 मध्ये बसमधली एकत्र बसण्याची बंदी मोडायला निघालेली तरुण मुलंही तिथे जेवलेली. पोलिसांना सगळं माहीत होतं. पण अख्ख्या वस्तीचं आवडतं हॉटेल, धाड घालायची छाती कुणाची?

"आणि ओबामाची गंमत! 2008 मध्ये प्रचाराला आला होता. गंबो पुढे ठेवला, तर चव घ्यायच्या आधीच वरून तिखट सॉस घातला."

"बापरे."

"बाईंनी तिथल्या तिथे झापला! माझ्या गंबोत सॉस घालायचा नाही म्हणून. तो अध्यक्ष व्हायचा होता, पण स्वयंपाकघर बाईंचं होतं."

"पण गंबो म्हणजे असतो कसा?"

"पिठाला तेलात परतत बसायचं, पार तपकिरी होईस्तोवर. मग कांदा, ढोबळी मिरची, सेलरी. त्यात खेकडा, कोळंबी, कोंबडी, सॉसेज. भातावर ओतून खायचं. सॉसेज कशाचं ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. आणि गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी हिरवा गंबो. मोहरीचा पाला, बिटाचा पाला, गाजराचा पाला, कोबी, पालक, अशा नऊ भाज्या. संख्या विषमच हवी. जितक्या भाज्या, तितके नवे मित्र वर्षभरात जोडले जातात म्हणे. दुसऱ्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून त्याच्यातच मांसही भरपूर."

"म्हणजे ऋषीची भाजी आणि गटारी एकाच पातेल्यात!"

यावर काकू इतक्या हसल्या की काका ओटीवर आले. ते शाकाहारी. त्यांनी तिथे काय खाल्लं, असं मी विचारलं. "पाव," ते म्हणाले आणि आत गेले.

मग पुराचा विषय निघाला. चिपळूणात तो निघतोच. 26 जुलै 2005 ला आमच्या ओटीवर पाणी होतं आणि महिनाभराने, 29 ऑगस्टला, तिकडे कतरिना वादळ. हॉटेल बुडालं. भिंतींवर कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं होती, ती तेवढी नातवाने हलवून वाचवली. ऐंशी ओलांडलेल्या लीआबाई आणि त्यांचे यजमान समोरच सरकारी ट्रेलरमध्ये राहिले. दुसऱ्या वर्षी गावातल्या इतर हॉटेलवाल्यांनी तोच हिरवा गंबो आणि तळलेली कोंबडी वाढून 40 हजार डॉलर उभे केले. 2007 मध्ये दार पुन्हा उघडलं.

शेजारच्या दुकानात पाणी शिरलं की आपलं कोरडं राहिलं म्हणून सुस्कारा टाकणारे मी पाहिलेत. प्रतिस्पर्ध्यासाठी पातेलं चढवणारे हे पहिलेच ऐकले.

"आता कोण बघतं?" मी विचारलं.

"बाई 2019 मध्ये गेल्या, 96 वर्षांच्या होऊन. नव्वदीतही स्वयंपाकघरात असायच्या. आता नातू मुदपाकखाना सांभाळतो. डिस्नीची टियाना राजकन्या आहे ना, 2009 च्या सिनेमातली, हॉटेल काढण्याचं स्वप्न बघणारी? ती बाईंवरूनच सुचलेली."

"आणि चव? खरं सांगा हं."

काकू जरा थांबल्या. "कोंबडी अप्रतिम. गंबो पहिल्या दोन घासांना नुसता धुरकट लागतो, तिसऱ्याला कळतो. मिठाई मात्र आपलीच बरी."

तेव्हा तुमच्यापैकी कुणाची लेक-सून ह्यूस्टनकडे असेल आणि न्यू ऑर्लिन्सला जायचा बेत ठरला, तर टेबल आधी राखून ठेवा, शाकाहारी माणसाला घरूनच खायला घालून न्या, आणि गंबो पुढे आला की निदान तीन घास तरी सॉसच्या बाटलीला हात लावू नका.