बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा

घरट्यावर कॅमेरा लावून पक्ष्यांचा संसार बघण्याचा उद्योग आपल्याला झेपेल का, हे आधी ठरवावे. शेजारच्या बिऱ्हाडात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे मोजल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांची पूर्वतयारी झालेलीच आहे. शिट्ट्या मोजून झाल्यावर ‘गॅस बंद करा आता’ असे सांगायला जे दार वाजवतात, त्यांनी मात्र पुढचा मजकूर दोनदा वाचावा. इथे दार वाजवायचे नसते.

म्हणून नवशिक्याने सुरुवात परदेशी घरट्यापासून करावी. तिथे हात पोचत नाही. कॅलिफोर्नियात बिग बेअर तलावाजवळ जॅकी आणि शॅडो हे पांढऱ्या डोक्याच्या गरुडांचे जोडपे राहते. पाइनच्या झाडावर सुमारे १४५ फुटांवर घरटे, आणि त्यावर दिवसरात्र कॅमेरा. उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेसहा वाजले की मुलुंडमध्ये संध्याकाळचे सात वाजतात. म्हणजे शॅडोने मासा आणायची वेळ आणि घरातल्या मालिकेची वेळ एकच. रिमोटवरून भांडण झाल्यास घरच्यांना पटवून द्यावे की रडण्याची सोय इथेही आहे. २०२४ मध्ये जॅकीने तीन अंडी घातली. दोघे आळीपाळीने बर्फ अंगावर घेत बसून राहिले आणि एकही अंडे फुटले नाही. २०२५ च्या मार्चमध्ये तीन पिल्ले निघाली, त्यातले एक हिमवादळात गेले. उरलेल्या दोघांचे बारसे तिथल्या शाळकरी मुलांनी मतदान करून केले: सनी आणि गिझ्मो. त्या वादळाच्या रात्री ‘अहो, कोणीतरी जाऊन ताडपत्री तरी टाका’ असे जो स्क्रीनकडे बघून ओरडला नाही, त्याला पुढच्या इयत्तेत घालायला हरकत नाही.

पुढची इयत्ता म्हणजे आपली बाल्कनी. साहित्य: जुना मोबाइल, चार्जर, लांब वायर आणि तोंड बंद ठेवण्याची तयारी. घाटकोपर-अंधेरीकडे घरटे शोधावे लागत नाही. एसीच्या बाहेरच्या खोक्यामागे ते असतेच. कबुतराच्या बांधकामाबद्दल अपेक्षा ठेवू नयेत. आइस्क्रीमच्या तीन काड्या, झाडूचे चार हीर, केबलचा तुकडा, आणि त्यावर दोन पांढरी अंडी. अठरा दिवस ती उबवतात, आणि पाळ्या काटेकोर असतात: सकाळी दहाच्या सुमारास नर येऊन बसतो, संध्याकाळी उठतो, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत मादी. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या गृहस्थांनी हा भाग बायकोसोबत पाहू नये. त्यातून पिल्लांना पहिले काही दिवस गळ्याच्या पिशवीत तयार होणारे दूध पाजतात, आणि ते आई-वडील दोघेही पाजतात. बाल्कनी धुताना तोंडाला फडके बांधून आधी पाणी मारावे, कोरडे झाडू नये. विष्ठेची धूळ फुफ्फुसांना बाधते. कबुतरांच्या बाजूने किंवा विरुद्ध सोसायटीच्या ग्रुपवर लिहू नये. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हापासून या विषयावर सख्खे व्याही एकमेकांशी बोलत नाहीत.

नशीब बरे असेल तर बुलबुल येतो. लालबुड्या बुलबुलाला कुंडीतले झाड पुरते, आणि तो येतो तेही नेमके आपण कुंडी हलवायची ठरवलेल्या आठवड्यात. कुंडी हलणार नाही. पाणी घालायचे तर मादी उडून गेल्यावर, कडेकडेने, आणि लगेच आत यायचे. कॅमेरा हातभर लांब ठेवावा, दिवा लावू नये, आणि पाने मध्ये येतात म्हणून फांदी छाटू नये. आपल्याला दिसेनासे करणारे ते पान कावळ्यालाही दिसू देत नसते. आता एक गोष्ट अगदी जवळून पाहावी. आईने किडा भरवला की पिल्लू वळते, बूड वर करते आणि एक पांढरी, चकचकीत, गाठोडे बांधल्यासारखी पिशवी बाहेर काढते. आई ती चोचीत अलगद धरते आणि लांब नेऊन टाकते, कधी चक्क गिळते. डायपरच्या खर्चाने टेकीला आलेल्या सुनेला ही चित्रफीत जरूर दाखवावी, गिळण्याचा भाग कापून. बारा-तेरा दिवसांत पिल्ले घरट्याबाहेर उड्या टाकतात, धड उडता येत नसताना. ती ‘पडलेली’ नसतात. त्यांना बुटाच्या खोक्यात कापूस घालून ठेवू नये, ड्रॉपरने दूध तर मुळीच पाजू नये. आई दहा फुटांवर तोंडात नाकतोडा धरून तुमच्या नावाने खडे फोडत असते.

अनुभवी प्रेक्षकांनी कावळा निवडावा. समोरच्या सोनमोहरावर एप्रिल-मेपासून तारांचे घरटे होते आणि त्यावर कोकिळेची नजर असते. कोकिळेचा नर कावळ्यांना मुद्दाम दिसतो, ते त्याच्या मागे लागतात, आणि ठिपक्याठिपक्यांची मादी तेवढ्यात अंडे घालून जाते. तिचे पोर बहुधा दोन-तीन दिवस आधी बाहेर येते आणि लाल तोंड उघडून सगळा घास लाटते. खरी पोरे उपाशी राहू शकतात. अशा वेळी प्रेक्षकांनी कोणाची बाजू घ्यावी? कोणाचीच नाही. पण उपनगरात हे कोणालाही जमलेले नाही, आणि पहाटे साडेचारला कोकीळ ओरडू लागला की निकाल कावळ्याच्या बाजूने लागतो.

कॅमेरा परवडत नसेल तर नोकरी नसणे पुरते. १९३० मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली बर्लिनहून शिकून परतले तेव्हा मुंबईत काम नव्हते. ते किहीमला जाऊन राहिले आणि शिडीला कापडी आडोसा बांधून सुगरणीच्या वसाहतीसमोर तासन्‌तास बसले. त्यांना जे दिसले ते आपल्या बिल्डरांना ठाऊकच होते: नर घरटे अर्धवट बांधतो, माद्या येऊन ठोकून-ठोकून पाहतात, पसंत पडल्यास एक ताबा घेते, मग नर उरलेले काम उरकतो आणि लगेच दुसरा प्रकल्प सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. फरक एवढाच की सुगरण नापसंत घरट्याची आगाऊ रक्कम देत नाही.

पिल्ले उडाली की कॅमेरा काढावा, कुंडी चार दिवसांनी हलवावी. कबुतरवाल्यांना ही सूचना लागू नाही. त्यांची पहिली पिल्ले कठड्यावर चालायला लागतात तोवर मागे दोन नवी अंडी असतात. सेक्रेटरींनी पाठवलेला जाळीवाला येतो, खोक्यामागे डोकावतो, ‘अंडी आहेत, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो आणि येण्या-जाण्याचे दोनशे रुपये मागतो. ते द्यावेत. पुढच्या महिन्यातही अंडी असतात.