टॅपेटशास्त्री

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराबाहेर किंवा लासलगावच्या कांदा लिलावाच्या रांगेत, जिथे जुन्या पिकअप गाड्या चालू इंजिनावर ताटकळत असतात, तिथे टॅपेटशास्त्री हमखास आढळतात, आणि ज्या वाचकांच्या दारात जुनी डिझेल गाडी आहे त्यांना त्यांची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. ते बहुधा एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेले असतात, सारा बाजार त्यांना तात्या म्हणतो, आणि कोणी बोलावले नसतानाही ते बॉनेटपाशी येऊन, उजवा हात वर करून, डोळे मिटून, ‘टॅपेट!’ असा निकाल देतात.

टॅपेट म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. इंजिनात हवा घेणारे आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्याच्या धक्क्याने उघडतात. हा धक्का रॉकर नावाच्या तरफेतून व्हॉल्व्हच्या टोकावर पोचतो, आणि तापल्यावर धातू वाढतो म्हणून या दोहोंत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट मुद्दाम राखलेली असते. झिजून ही फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटू लागतो, त्याची टिकटिक ऐकू येते, आणि फट पुन्हा जुळवण्याच्या कामाला गॅरेजात टॅपेट सेटिंग म्हणतात. कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे मिनिटाला 800 फेरे घेणाऱ्या इंजिनात एक सैल टॅपेट 400 वेळा वाजते.

हे गणित तात्यांना तोंडपाठ असते. दुर्दैवाने ते त्याचा वापर इंजिनापुरता ठेवीत नाहीत. घरातला मिक्सर खडखडला तर टॅपेट, छताचा पंखा कुरकुरला तर टॅपेट, कीर्तनात मृदंगाचा ठेका चुकला तरी टॅपेटच. जावयाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून डॉक्टरांनी ‘थोडा आवाज येतोय’ म्हणताच तात्यांनी नेहमीचा निकाल दिला, आणि हृदयातही झडपाच असल्याने डॉक्टरांना तो साफ खोडून काढता आला नाही.

गाडीचा दोष टॅपेटचा नाही असे सिद्ध झाले, तरी तात्या शब्द मागे घेत नाहीत, केवळ विशेषण जोडतात. ऑइल कमी पडून वरच्या भागाला वंगण मिळत नसेल, तर ते ‘तहानलेलं टॅपेट’. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटून तिथून हवा फटफटत असेल, आणि इंजिन तापून लोखंड प्रसरण पावताच आवाज विरत असेल, तर ते ‘बाहेरचं टॅपेट’. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात डिझेल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करून, कोणत्या सिलिंडरला डिझेल तोडल्यावर टिकटिक थांबते ते पाहतात. त्यावरून इंजेक्टरचा नोजल दोषी सापडला तर ते ‘डिझेलचं टॅपेट’.

असे असूनही त्यांची तपासणी पाहण्यासारखी असते, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या झाकणावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ते एकेक सिलिंडर ऐकतात. मग झाकण उघडून, चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलू लागताच पहिल्याची फट फिलर गेज नावाच्या पातळ पात्यांनी मोजतात, आणि पाते सरकताना बोटाला हलकी ओढ जाणवली तरच नट आवळतात. मालकाला शांत गाडी हवी असते, म्हणून उतावळा मेकॅनिक फट पार मिटवून टाकतो, आवाज जातो आणि पैसेही वसूल होतात. परंतु पूर्ण न मिटणारा व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीला देऊ शकत नाही आणि काही महिन्यांत जळतो. अशा गप्प इंजिनापाशी तात्या जितके अस्वस्थ होतात, तितके टिकटिकणाऱ्या इंजिनापाशी कधीच होत नाहीत.

एका आवाजाला मात्र ते टॅपेट म्हणत नाहीत. खालून, क्रँकच्या बेरिंगमधून, भार पडताच वाढणारा जड ठोका आला की हात वर जात नाही, डोळे मिटत नाहीत. ‘बंद कर गाडी, पोरा’ एवढेच ते म्हणतात, आणि ड्रायव्हर निमूटपणे किल्ली फिरवतो, कारण पुढचा खर्च इंजिन उतरवण्याचा असतो हे त्यालाही कळते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे प्रदूषण नियम लागू झाले, नव्या पिकअपला स्कॅनर लागतो, आणि कॉमन रेल नावाच्या सामाईक डिझेलनळीतल्या प्रचंड दाबामुळे तिथे नळीचा नट सैल करणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे नव्या गाडीपाशी तात्या हात मागे बांधून उभे राहतात आणि मेकॅनिकच्या पोराला पडद्यावर काय आले ते विचारतात. पोरगा सांकेतिक आकडा वाचून दाखवतो. तात्या मान डोलावतात आणि म्हणतात, ‘टॅपेट.’

जुनी गाडी त्यांना दाखवायची असल्यास आधी डिपस्टिक काढून ऑइल पाहावे आणि सकाळी इंजिन थंड असतानाच न्यावी. गॅस्केटची टिकटिक थंड इंजिनातच नीट ऐकू येते, आणि दुपारी तात्या झोपलेले असतात.