साहेबांची तसबीर तांब्यावर : होतकरू शुभेच्छुकांसाठी

शांती नगरच्या नाक्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लावूनही साहेब ओळख देत नसतील, तर थेट सतराव्या शतकातल्या युरोपाची बरोक पद्धत उचला.

१. माणूस हेरा. पॅरिसचे विद्यार्थी आपला प्रबंध एखाद्या मातब्बराला अर्पण करत आणि प्रबंधाच्या पत्रकावर त्याची कोरीव तसबीर छापून घेत. प्रबंध वाचला जाईलच असं नव्हतं; तसबीर नक्की बघितली जाई. खाली शुभेच्छुक म्हणून आपलं नाव.

२. हत्यार धरा. गुळगुळीत तांब्याचा पत्रा, पोलादी कोरणी, वाळू भरलेली चामडी उशी. कोरणीची मूठ तळहातात घेऊन पुढे रेटा, हातोडी नको. वळण आलं की हात स्थिर ठेवून उशीवरचा पत्रा फिरवा. अक्षरं उलटी कोरा.

३. चेहरा उजळा. इथे फिल्टर नाही. गालावर रेघा बारीक आणि विरळ, हनुवटीखाली जाड, त्यांवर आडव्या रेघांची जाळी. फ्रेंच कोरीवकार क्लोद मेलाँनं १६४९ मध्ये ख्रिस्ताचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून गोल गोल फिरत गेलेल्या एकाच रेघेत कोरला. तुम्ही आधी मिशी जमवा.

४. दर्जा सांगा. १६६० मध्ये चौदाव्या लुईनं कोरीवकामाला मुक्त कला ठरवून कारागीर-संघांच्या जाचातून सोडवलं. सोसायटीच्या सेक्रेटरीला हा दाखला द्या. गेटवर टांगायची परवानगी तरीही मागा.

५. नाव तपासा. डच पाद्री व्हॅलेंटाइनच्या १७२४-२६ च्या ग्रंथात शिवाजी महाराजांचं कोरीव चित्र आहे. आपल्याकडे मात्र बरीच वर्षं भलत्याच सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं, हे इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिलं. लोक चेहऱ्याआधी खालची ओळ वाचतात.

६. पत्रा जपा. पिएर लोंबार या कोरीवकाराच्या एका पत्र्यावर घोडा तोच, चिलखत तेच. स्वाराचं डोकं मात्र कधी क्रॉमवेलचं, कधी त्याच्या वैऱ्याचं, चार्ल्स राजाचं. जुनं डोकं खरवडायचं, खळगा मागून ठोकून वर आणायचा, घासायचं, नवं कोरायचं. म्हणून साहेबांचं जाकीट मन लावून कोरा, पण निवडणुका लागेपर्यंत गळ्याच्या वर फार मेहनत घेऊ नका.