रुका आणि रंगीत पिल्लं

प्रस्तुत लेखकाने वळसंगात स्वतःला सर्पज्ञ म्हणून जाहीर केलं, तेव्हा त्याने एकही साप हाताळलेला नव्हता. मोबाइलवर परदेशी शौकीन पाहिले होते, बास. काचपेटी, फांदीवर वेटोळं घातलेला न्यू गिनीचा हिरवा अजगर आणि चिमट्यात धरलेलं कोंबडीचं पिल्लू. झाडावरचा साप पक्षीच खाणार, हा लेखकाचा सिद्धांत तिथलाच.

लेखकालाही साप पाळायचा होता, पण देशी साप घरात कोंडणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. लेखकाने पळवाट काढली. परसातल्या कडुलिंबावर एक रुका सर्प यायचा. बिनविषारी, जेमतेम बोटाएवढा जाड. तो ‘आपला’! पेटी नाही, म्हणजे गुन्हा नाही. जेवणाची जबाबदारी मात्र मालकाची. आठवडी बाजारातून चार रंगवलेली पिल्लं आली, दोन गुलाबी, दोन हिरवी.

रुक्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पाली, सरडे, बेडूक हे त्याचं रोजचं जेवण. त्याच्या तोंडाच्या मानाने लेखकाने अख्खा बैल वाढला होता. पुढे वाचनात आलं, की रानातल्या हिरव्या अजगरांची पोटं तपासली तेव्हा त्यांतही सरडे आणि उंदीरच निघाले. सिद्धांत गेला.

पण लेखक हार मानतो थोडाच? त्याने ग्वाम काढलं. घरात हा शब्द निघाला की माणसं ताटं उचलून आत जातात. ग्वाम हे प्रशांत महासागरातलं बेट. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तिथे तपकिरी वृक्षसर्प पोचला आणि त्याने रानातल्या 12 देशी पक्षीजातींपैकी 10 बेटावरून संपवल्या. मग 2013 मध्ये अमेरिकी सरकारने 2000 मेलेले उंदीर, प्रत्येकात 80 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, कागदी पॅराशूट बांधून हेलिकॉप्टरमधून सोडले. डोकेदुखीची गोळी सापाला मारते! शेजारच्या काकांनी हे तीनदा ऐकलं आणि चौथ्यांदा तीच गोळी मागितली.

एका सकाळी विजेच्या मीटरमागे चिमण्यांचा कल्लोळ उठला. रुका अर्धा घरट्यात होता. एक पिल्लू, पिसंही न फुटलेलं, त्याच्या जबड्यात होतं. चिमणी मीटरवर आपटत होती. सर्पज्ञाच्या हातात झाडू कधी आला, त्यालाच कळलं नाही. वरती नेलेला हात तसाच राहिला. आवाज बंद व्हायला फार वेळ लागला नाही.

दारातून आई म्हणाली, “बाजारातली पिल्लं तूच आणली होतीस की त्याला! मग आता काय झालं?”

लेखकाजवळ याचं उत्तर नव्हतं. ग्वामही आठवलं नाही.

गुलाबी पिल्लांचा रंग पिसांबरोबर गळून गेला. आता ती साधी तांबडी कोंबडी झालीत आणि लेखकाच्याच खुर्चीत बसतात. हिरवी दोन्ही आठवड्याभरातच मेली होती, तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. रुका लिंबावर येतो, पाली धरतो. मीटरमागे पुन्हा काड्या जमायला लागल्यात. लेखक हल्ली दिवसातून चारदा रीडिंग बघायला जातो.